तंजावरचा पाद्री आणि भोसल्यांचा राजपुत्र

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात एका जर्मन पाद्र्याचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तंजावरच्या इतिहासात आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कावेरीच्या खोऱ्यात भोसल्यांची गादी स्थापन केली. ते घराणे १८५५ पर्यंत टिकले. भोवती तमिळ मुलूख, प्रजा तमिळ, देवळे चोळांची. परंतु राजवाड्यातील भाषा मराठी आणि दप्तर मोडीत. या घराण्यातील एका राजपुत्राचे पालकत्व मरणोन्मुख राजाने ज्याच्या हाती सोपवू पाहिले, तो गृहस्थ ना मराठी होता, ना तमिळ, ना हिंदू. तो लूथरपंथीय धर्मोपदेशक होता. त्याने आयुष्याची ४८ वर्षे या भूमीत काढली, आणि राजाशी बोलता यावे म्हणून प्रौढ वयात मराठीचे धडे गिरवले. परक्या घरचे मूल विश्वासाने हाती आले असता शिक्षकाने त्याचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक शाळेपुढे रोज उभा असतो. क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ याच्यापुढे तो फार कठीण रूपात उभा राहिला होता.

श्वार्ट्झचा जन्म १७२६ मध्ये प्रशियाच्या राज्यातील सोनेनबुर्ग या लहानशा गावी झाला. आई त्याच्या बालपणीच निवर्तली. हे मूल देवाच्या सेवेला वाहिले आहे, असे तिने मृत्युशय्येवर पतीला सांगून ठेवले होते. तरुणपणी तो हाले येथे शिकावयास गेला. हाले म्हणजे त्या काळचे एक विलक्षण विद्याकेंद्र होते. अनाथालय, शाळा, छापखाना, औषधशाळा असा सारा पसारा तेथे एकाच आवारात नांदत होता. हिंदुस्थानातून परतलेले शुल्त्झ नावाचे वृद्ध मिशनरी तेथे तमिळ बायबलच्या छपाईच्या खटपटीत होते. त्यांच्या हाताखाली श्वार्ट्झ तमिळ शिकला. ज्या देशाचे त्याने अद्याप तोंडही पाहिले नव्हते, त्या देशाची लिपी त्याने जर्मनीतील थंडीत बसून गिरवली.

ज्या मिशनसाठी तो निघाला, त्याची रचना मोठी मौजेची होती. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी, म्हणजेच त्रांकेबार, हे ठाणे डेन्मार्कचे. मिशनला आश्रय डेन्मार्कच्या राजाचा, माणसे जर्मनीची आणि साहाय्याचा एक मोठा ओघ इंग्लंडमधून. १७०६ मध्ये त्सीगेनबाल्ग आणि प्लुट्शाव हे पहिले दोघे येथे उतरले. त्सीगेनबाल्गने तमिळ शिकून छापखाना उभारला आणि तमिळ भाषेतील नवा करार छापून काढला. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, जुलै १७५० मध्ये, चोविशीच्या उंबरठ्यावरचा श्वार्ट्झ तेथे पोहोचला. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, अवघ्या चार महिन्यांत, त्याने तमिळमध्ये पहिले प्रवचन दिले. पुढे तो मायदेशी कधीच परतला नाही. त्याने विवाहही केला नाही.

परदेशी मिशनरी म्हटले की प्रशस्त बंगला, नोकरचाकर आणि व्हरांड्यातील आरामखुर्ची असे चित्र डोळ्यांपुढे येते. पुढील शतकात ते चित्र काही ठिकाणी खरेही ठरले. श्वार्ट्झ मात्र त्रिचनापल्लीस राहावयास गेला, तेव्हा एका जुन्या इमारतीतील जेमतेम खाट मावेल एवढी खोली त्याने निवासासाठी पत्करली. त्याची तेथील राहणी जवळून पाहिलेल्या विल्यम चेंबर्स या इंग्रज गृहस्थाने तिचे वर्णन करून ठेवले आहे. मिळकत महिन्याला १० पगोडा, अंगावर काळ्या रंगविलेल्या साध्या सुती कापडाचा पोशाख आणि जेवणास देशी पद्धतीने शिजवलेला भात व भाजी. एवढ्यावर हा माणूस तृप्त होता.

त्याचा दिनक्रमही सांगण्यासारखा आहे. पहाटे तो आपल्या देशी उपदेशकांना एकत्र बसवून त्यांच्यासह प्रार्थना करी, त्यांना पाठ देई आणि दोघादोघांना आसपासच्या गावी धाडी. दिवसभर स्वतः शाळा पाही, वाटेत भेटेल त्याच्याशी बोले, आजाऱ्यांच्या घरी जाई. सायंकाळी उपदेशक परतत. कोण भेटले, कोणी काय विचारले, कोणत्या प्रश्नाला उत्तर सुचले नाही, याची हकीकत ते सांगत, आणि तिचीच उजळणी होऊन दिवस मावळे. त्रिचनापल्लीच्या किल्ल्यात दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन अनेक शिपाई मृत्युमुखी पडले, तेव्हा त्यांच्या पोरक्या मुलांसाठी त्याने शाळा उघडली. इंग्रज पलटणीचा धर्मगुरू म्हणून पुढे त्यास वेतन मिळू लागले. त्यातील मोठा वाटा तो मिशनच्या कामी देत असे.

तंजावरच्या तुळजाराजांशी त्याची पहिली भेट १७६९ मध्ये झाली. दरबारी रिवाजाप्रमाणे संभाषणास फारसीत, दुभाष्याच्या मध्यस्थीने आरंभ झाला. दुभाष्याला आपला आशय नीट पोचवता येत नाही हे श्वार्ट्झच्या ध्यानी आले, आणि त्याने राजापाशी तमिळमध्ये बोलण्याची अनुज्ञा मागितली. राजाला तमिळ उत्तम येत होते. मधला माणूस दूर झाला आणि दोघांची गाठ पडली. पुढे राजवाड्यातील मंडळींची खरी भाषा मराठी आहे हे ओळखून त्याने मराठीचा अभ्यास केला, आणि पूर्वी तमिळमध्ये रचलेली आपली एक संवादात्मक धर्मपुस्तिका मराठीत उतरवली. पुस्तिकेचा हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा होता. तो त्याने कधी झाकून ठेवला नाही. परंतु राजाने ना कधी धर्म बदलला, ना कधी त्याला दाराबाहेर केले. अठरा वर्षांच्या या संबंधात दोन्ही बाजूंनी हा स्वच्छपणा राहिला, हे त्यातील विशेष.

श्वार्ट्झच्या स्वभावातील कडकपणा कळण्यासाठी क्लॅरिंडा या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या स्त्रीची हकीकत पाहावी. ती तंजावरकडील मराठी ब्राह्मण कुळातील विधवा होती. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाने ती राहू लागली आणि त्याच्याकडून तिला ख्रिस्ती धर्माचा परिचय झाला. तिने बाप्तिस्मा मागितला, तेव्हा विवाहावाचूनचा हा सहवास चालू असेपर्यंत तो देता येणार नाही, असे श्वार्ट्झने तिला सांगितले. अनुयायी वाढवणे एवढेच ज्याचे ध्येय असते, तो एवढा काटेकोरपणा करीत नाही. अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर, १७७८ मध्ये, पाळयंकोट्टै येथे त्याने तिला बाप्तिस्मा दिला. तिने तेथे स्वतःच्या पुढाकाराने प्रार्थनामंदिर उभारले. तिरुनेलवेली प्रांतातील प्रॉटेस्टंट समाजाच्या इतिहासाचे पहिले पान या मराठी विधवेच्या नावाने सुरू होते. मराठी वाचकांना ती जवळजवळ अपरिचित असावी, ही खेदाची गोष्ट आहे.

१७७९ मध्ये मद्रासच्या गव्हर्नराने श्वार्ट्झला हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणास पाठविले. इंग्रजांच्या वकिलांवर हैदरचा विश्वास नव्हता. या पाद्र्यावर होता. हैदरला लिहिता-वाचता येत नव्हते, तरी पत्रे ऐकून तो एकामागून एक अचूक उत्तरे कशी सांगत असे, याचे वर्णन श्वार्ट्झने कौतुकाने केले आहे. तह काही साधला नाही. निरोप देताना हैदरने वाटखर्चासाठी ३०० रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झने ती मद्रास सरकारपुढे ठेवली. ती त्यानेच घ्यावी असे सांगण्यात आले, तेव्हा तंजावरातील अनाथ मुलांच्या शाळेच्या निधीचा आरंभ त्याने त्या रकमेतून केला. म्हैसूरच्या सुलतानाचा पैसा, तंजावरच्या मराठी राजाची भूमी आणि जर्मन पाद्र्याची शाळा!

पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. हैदरच्या फौजांनी कावेरीचे हिरवे खोरे उजाड केले आणि किल्ल्यात उपासमार सुरू झाली. धान्य गावोगावी होते, पण ते आणण्यास बैल मिळेनात. कारण पूर्वी घेतलेल्या मालाचे आणि केलेल्या कामाचे दाम कोणी दिले नव्हते. राजाच्या वचनावर शेतकऱ्यांचा विश्वास नव्हता, कंपनीच्या वचनावर तर त्याहून नव्हता. तेव्हा श्वार्ट्झने स्वतःच्या नावाने गावोगाव शब्द धाडला की दाम तो स्वतः चुकता करील. एक-दोन दिवसांत हजाराहून अधिक बैल जमले. त्याचे उपदेशक जिवावर उदार होऊन बाहेर पडले आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. मोबदला प्रत्येकाला पोचला. काही वर्षांनी जुलमी कामदारांच्या त्रासाने रयत गावे सोडून निघून गेली, तेव्हाही राजाच्या आश्वासनाने न परतलेले लोक श्वार्ट्झच्या शब्दावर परतले. एकाच दिवशी ७,००० माणसे आपापल्या शेतांवर आली, असे त्यानेच नमूद केले आहे. त्या ७,००० मधील बहुतेकांनी त्याचा धर्म स्वीकारला नव्हता आणि पुढेही स्वीकारला नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे वळावयाचे. तुळजाराजांची मुले त्यांच्या डोळ्यांदेखत गेली होती. १७८७ च्या आरंभी त्यांनी भोसले कुळातील एका शाखेतून नऊ-दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नाव सरफोजी ठेवले. अंत जवळ आलेला पाहून त्यांनी श्वार्ट्झला बोलावून घेतले व मुलाला त्याच्या स्वाधीन करण्याची इच्छा दर्शविली. श्वार्ट्झने ही जबाबदारी नाकारली. महिन्यातून एक-दोन वेळा मुलाची भेट घेणे त्याला शक्य होते. मग या पोराचे उरलेल्या दिवसांत काय होईल, असा त्याचा सवाल होता. राजवाड्यातील कारस्थाने त्याला ठाऊक होती. त्याने राजाचे सावत्र बंधू अमरसिंह यांना पालक नेमण्याचा सल्ला दिला, आणि तुळजाराजांनी तो मानला.

सल्ला देणाऱ्याच्या सद्हेतूविषयी शंका नाही, पण त्याचा परिणाम मुलाला भोगावा लागला. तुळजाराजे जाताच अमरसिंहांनी दत्तकविधान अशास्त्रीय असल्याचा दावा मांडला. पंडितांचे मत त्यांच्या बाजूने पडले, कंपनीने ते मान्य केले आणि पालक गादीवर बसला. त्या वेळी या निर्णयाविरुद्ध श्वार्ट्झही उभा राहिला नाही. मुलाची रवानगी राजवाड्यातील एका कोंदट, अंधाऱ्या जागेत झाली. त्याला खुली हवा मिळेना आणि लिहिणे-वाचणेही कोणी शिकवीना. भोसल्यांच्या गादीचा वारस अक्षरशत्रू राहावा, अशीच ही व्यवस्था होती. राजपुत्राला विष देण्याच्या कथा सर्वत्र असतात. त्याला अडाणी ठेवणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे, आणि त्यात हात रक्ताने माखत नाहीत.

श्वार्ट्झला हे कळले तेव्हा तो स्वस्थ बसला नाही. त्याने मद्रासला पत्रांमागून पत्रे लिहिली, मुलाची भेट घेतली, शिक्षक नेमला जावा म्हणून आग्रह धरला, पहारा बदलावयास लावला. अखेर १७९३ मध्ये सरफोजी आणि तुळजाराजांच्या राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले. साठी ओलांडलेला श्वार्ट्झ स्वतः त्यांच्यासोबत गेला. तेथे त्याचे सहकारी गेरिके यांनी मुलाला शिकविले. ज्या वयात इतर मुले काव्ये पाठ करतात त्या वयात याचा आरंभ अक्षरांपासून होत होता. दरम्यान दत्तकाविषयी पंडितांची मते नव्याने घेण्यात आली. पहिल्या निर्णयामागे पैसा फिरला होता, अशी श्वार्ट्झची खात्री झाली होती, आणि त्याने ती कंपनीला स्पष्ट शब्दांत कळविली.

या सर्व काळात मुलगा पूर्णपणे मिशनऱ्यांच्या छत्राखाली होता. त्याला दुसरा त्राता नव्हता. वय कोवळे, मन कृतज्ञ. धर्मांतराला याहून अनुकूल भूमी कोणती असणार? एक राजा ख्रिस्ती झाला असता तर युरोपात केवढा जयघोष झाला असता! श्वार्ट्झची श्रद्धा पाहता, मुलाने ख्रिस्ताला शरण यावे असे त्याला मनोमन वाटत होते, यात संशय नाही; तो मुलाशी धर्माविषयी बोलतही असे. पण उपकाराचे मोल म्हणून त्याने श्रद्धा मागितली नाही. सरफोजी हिंदू म्हणून मद्रासला गेला आणि हिंदू म्हणूनच परतला. पुढे राजा झाल्यावर त्याने मोठ्या परिवारासह काशीयात्रा केली.

हाच विचार श्वार्ट्झच्या शाळांतही दिसतो. तंजावरचे इंग्रज रेसिडेंट जॉन सलिव्हन यांच्या सूचनेवरून १७८५ च्या सुमारास तंजावर, रामनाथपुरम् आणि शिवगंगा येथे त्याने इंग्रजी शिक्षणाच्या शाळा काढल्या. कंपनीने त्यांना वार्षिक अनुदान दिले. या शाळांत ब्राह्मणांची आणि प्रतिष्ठित घराण्यांची मुले येत. पालकांची भीती उघड होती. मुलांना धर्मात ओढण्यासाठी कोणताही कपटी मार्ग वापरला जाणार नाही, असे आश्वासन देऊनच या शाळा चालल्या. शाळेच्या प्रवेशपत्रावर सही करणाऱ्या कोणत्याही काळच्या पालकाला त्या आश्वासनाची किंमत कळेल.

श्वार्ट्झच्या कार्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. तो कंपनीचा दुभाषी आणि मध्यस्थ होता. ज्या कंपनीने सरफोजीला गादी मिळवून दिली, तिनेच १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार काढून घेतला आणि राजाकडे किल्ला, वाडा व नेमणूक एवढेच ठेवले. तो दिवस पाहण्यास श्वार्ट्झ हयात नव्हता. पण त्याच्यासारख्यांच्या चांगुलपणामुळे कंपनीच्या सत्तेला येथे नैतिक प्रतिष्ठा लाभली, हे नाकारता येणार नाही. दुसरे असे की, त्याच्या मंडळीत उच्च आणि नीच मानल्या गेलेल्या जातींचे लोक वेगवेगळे बसत. कालांतराने हे आपोआप सुटेल, अशा आशेने त्याने ते चालू दिले. ते सुटले नाही. पुढच्या पिढीतील मिशनऱ्यांनी ते मोडावयाचे ठरविले तेव्हा त्याच मंडळीत उभी फूट पडली, आणि त्यांना विरोध करणाऱ्यांत श्वार्ट्झचाच आवडता शिष्य, तमिळ कवी वेदनायगम शास्त्री, अग्रभागी होता. हैदरपुढे न डगमगलेला माणूस पंगतीच्या प्रश्नापुढे नमला, असे म्हणावे लागते.

पुढे श्वार्ट्झने अंथरूण धरले. सरफोजी त्याच्या भेटीस आला. चैनीत न बुडता प्रजेला न्यायाने वागव, असे वृद्धाने त्याला सांगितले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी सायंकाळच्या सुमारास त्याचा अंत झाला. राजघराण्यातील पुरुषाने परधर्मीयाच्या प्रेतापाशी येणे रूढीला धरून नव्हते. सरफोजी आला, रडला आणि शवपेटीवर त्याने जरीवस्त्र पांघरले. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, जूनच्या अखेरीस, तो गादीवर बसला.

राज्य उरले नव्हते. विद्या उरली होती. अंधाऱ्या खोलीत अक्षरांवाचून ठेवलेल्या या मुलाने पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाला जे रूप दिले, त्यामुळे तंजावरचे नाव जगभरच्या विद्वानांना ठाऊक झाले. त्याने वैद्यकासाठी धन्वंतरी महाल उभारला. नेत्ररोग्यांची नोंद चित्रांसह ठेवविली. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतींवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला, तो १८०३ मध्ये. नवविद्येसाठी शाळा काढली आणि १८०५ च्या सुमारास देवनागरी टायपांचा छापखाना आणला. त्या छापखान्यातून इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मुलांसाठी निघाले. मुंबईत अमेरिकन मिशनने मराठी छपाईस आरंभ केला तो १८१७ मध्ये. म्हणजे मराठी मुलांसाठी छापलेले हे आद्य पुस्तक पुणे-मुंबईत निघालेले नाही; ते कावेरीकाठी, मिशनऱ्यांच्या शिष्याने काढविले.

ख्रिस्ती मुलांच्या शिक्षणासाठीही सरफोजीने गुरूच्या स्मरणार्थ अन्नवस्त्रासह सोय केली. श्वार्ट्झने उभारलेल्या कामाशी तंजावरचे सेंट पीटर्स विद्यालय आपले नाते सांगते. रामनाथपुरम् येथील श्वार्ट्झ विद्यालय आजही त्याच्या नावाने चालते. रामेश्वरमच्या एका नावाड्याचा मुलगा पुढील शिक्षणासाठी याच रामनाथपुरमच्या शाळेत दाखल झाला. तो मुलगा म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम.

तंजावरला बृहदीश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंनी तेथून जवळच, शिवगंगा तलावाच्या काठी असलेल्या जुन्या चर्चमध्ये जरूर डोकवावे. सरफोजीने इंग्लंडमधील नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून करवून घेतलेले संगमरवरी शिल्प तेथे आहे. वृद्ध शिक्षक अंथरुणावर पडला आहे. मराठी पोशाखातील राजा त्याचा हात हाती घेऊन उभा आहे, आणि शाळेतील मुले जवळ उभी राहून पाहत आहेत.